जिचं रक्त, तिचा कागद

पट्टीवर थेंब टाकला की नलूताई मनगटावरचं घड्याळ काढायच्या, पांढऱ्या फरशीच्या एका तुकड्यावर पट्टीशेजारी ठेवायच्या आणि समोरच्या बाईला विचारायच्या, "आज काय केलंय घरी?"

बाई आधी गोंधळायची. ती आलेली असायची दिवस गेलेत की नाही हे विचारायला, आणि इथं प्रश्न भाजीचा. मग ती सांगायची. शेवग्याच्या शेंगा म्हणाली की नलूताई विचारायच्या, कूट घातलं की बेसन लावलं? वांगं म्हणाली की देठ ठेवलं का? असं करत पाच मिनिटं जायची. त्या पाच मिनिटांत नलूताई पट्टीकडे एकदाही पाहत नसत आणि बाईलाही पाहू देत नसत, कारण फरशीचा तो तुकडा त्यांच्या कोपरापलीकडे असायचा. वेळ भरली की त्या घड्याळ उचलून पुन्हा मनगटावर बांधायच्या, आणि मगच पट्टी बाईच्या हातात द्यायच्या. एक रेघ की दोन, हे त्या स्वतः कधी बोलून दाखवत नसत. वाचायचं काम बाईचं.

त्यांची लॅब इंदापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाला लागून होती. दीड खोली. बाहेर एक बाकडं, आत एक फ्रिज, रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र आणि भिंतीवर दुधाच्या नोंदी करतात तसलं मोठ्या चौकटींचं कॅलेंडर. साध्या तपासण्या त्या स्वतः करायच्या. मोठ्या तपासण्यांचं रक्त अकराच्या गाडीनं पुण्याला जायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट फोनवर यायचा. नलूताई ठेंगण्या, सुती साडीवर पांढरा कोट घालणाऱ्या, चष्मा दोरीला बांधलेल्या. त्यांच्या हातातलं घड्याळ पुरुषी होतं, मोठ्या तबकडीचं. ते त्यांच्या वडिलांचं. वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. नलूताईंचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये, कारखान्याच्या भोंग्यावर गेलेलं. त्यामुळे वेळेच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. दोन वर्षांचा कोर्स करून आल्या, पुण्यात राहिल्या, पण बोली मात्र तिकडे न्यायला आणि परत आणायला विसरल्या नाहीत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. मी मूळची बारामतीची. इंदापूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागले आणि तालुक्यातल्याच एका बागायतदार घरात माझं लग्न झालं. पाळीची तारीख यायला अजून दोन दिवस होते, पण सकाळी मळमळल्यासारखं वाटलं म्हणून मी धावत गेले. नलूताईंनी तारीख विचारली आणि पट्टी न फोडता मला परत पाठवलं.

"तारीख चुकू तरी दे," त्या म्हणाल्या. "पट्टी खोटं बोलत न्हाय. पण लवकर इचारलं की गप बसती. आन बायका तिच्या गप बसण्याला 'न्हाय' समजत्यात."

मला पुस्तकातून कळून घ्यायची सवय. मी त्यांना विचारलं, ही पट्टी नेमकं काय ओळखते? त्यांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी स्टूल पुढं ओढलं. गर्भ पिशवीला चिकटला की तो एक निरोप धाडतो, त्या म्हणाल्या. आता पाळी आणू नका, मी आलोय, एवढाच निरोप. तो रक्तात आधी येतो आणि लघवीत मागून. कागदावर त्याला एचसीजी म्हणतात. चिकटायच्या आधी निरोप नाही, आणि चिकटल्यावरही पहिले काही दिवस त्याचा आवाज इतका बारीक असतो, की पट्टीला तो ऐकू जात नाही. पुढं मी त्याच विषयावरची दोन-तीन पुस्तकं ग्रंथालयात मागवली. त्यात याहून जास्त माहिती होती, पण ती याहून नीट सांगितलेली नव्हती.

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. प्रत्येक वेळी घड्याळ निघायचं आणि प्रत्येक वेळी एकच रेघ. त्या सहा वर्षांत मी त्यांना माझ्या घरातला सगळा स्वयंपाक सांगून संपवला.

लॅबचा एक नियम गावभर माहीत होता. रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात मिळायचा नाही. नवरा असो, सासू असो, आई असो, पुरुषमाणूस तर उंबऱ्याच्या आत यायचा नाही. "दादा, तुमी भाईर थांबा," एवढंच त्या म्हणायच्या. "जिचं रक्त, तिचा कागद."

एकदा माझ्यासमोरच पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक वयस्क गृहस्थ आले. चार गावांत वजन असलेला माणूस. सुनेचा रिपोर्ट न्यायला आलो म्हणाले. नलूताईंनी त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "तात्या, तुमचं रक्त द्या, तुमचा कागद देते."

तात्या हसले. त्यांना ही गंमत वाटली. म्हणाले, सून आमच्या घरातली हाय बाई.

"सून तुमची हाय. रक्त तिचं हाय."

तात्यांचा आवाज चढला. ही लॅब कशी चालते ते बघतो म्हणाले. नलूताईंनी शांतपणे पुढच्या बाईच्या दंडाला रबरी नळी बांधायला घेतली. दुसऱ्या दिवशी मुलगा मोटारसायकलवर बायकोला घेऊन आला, असं मला नंतर कळलं. ती आत बसून तो कागद तीनदा वाचून बाहेर गेली आणि घरी जाऊन सासऱ्याच्या हातात तिनं स्वतः दिला. पुढं तेच तात्या भावकीतल्या सुनांना नलूताईंकडंच पाठवायला लागले.

काही जणी दबक्या आवाजात मुलगा की मुलगी ते विचारायच्या. त्यांना नलूताईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "ह्या रक्तात ते दिसत न्हाय. आन दिसलं असतं तरी माझे डोळे लई कमजोर हायेत." आणि दोरीला बांधलेला चष्मा काढून पुसत बसायच्या.

हा नियम कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बाविसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. तीन वर्षांनी सासरच्यांनी त्यांच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट सासऱ्यांच्या हातात गेला. त्यात काय होतं ते नलूताईंना चार दिवसांनी नळावर पाणी भरताना शेजारणीकडून कळलं. पुढच्या महिन्यात त्या वालचंदनगरच्या क्वार्टर्सवर परत आल्या. "कागदावर जे हुतं ते हुतंच," त्या म्हणाल्या. "पर ते मला पयल्यांदा कळाय पायजे हुतं." एवढं बोलून त्यांनी सुया मोजायला घेतल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते सातव्या वर्षीचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणजे कडक, काटक, पण वाईट नव्हेत. मला मूल होत नाही म्हणून त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, देवालाच बोलायच्या. त्या वर्षी त्यांनी गौरीला बोलून ठेवलं होतं, की यंदाचा पुरणाचा नैवेद्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सुनेच्या हातचा होईल, आणि पुढच्या वर्षी ती लेकरू घेऊन तुझ्यापुढं बसेल. आणि माझी पाळी नेमकी गणपतीच्या आसपास येणार होती. आमच्या घरात त्या दिवसांत देवापाशी जात नाहीत. गोळ्या घेऊन पाळी पुढं ढकलायची सगळीकडेच रीत आहे, पण आत्यांना त्या गोळ्यांचा राग. आधीच दिवस राहत नाहीत, त्यात पोटात कशाला काहीबाही घालायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी गोळ्या आणल्या. घरात सापडू नयेत म्हणून ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि रोज तिथंच घ्यायला लागले. एवढं शिकलेल्या बाईनं एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली नाही, की गौरी यायच्या आदल्या दिवसापासून महाविद्यालयाला सुट्टी होती. पाकीट कुलूपबंद ड्रॉवरमध्ये आणि मी गावात. दोन दिवस गोळी चुकली. गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे, डाळ शिजत घातल्यावर, मला कळलं.

मी कुणाला सांगितलं नाही. पुरण वाटलं, पोळ्या केल्या, कटाची आमटी, सोळा भाज्या, सगळं केलं. नैवेद्याचं ताट माझ्या हातानं गौरींपुढं ठेवलं. तीन दिवस अंगावर जात होतं, नेहमीपेक्षा कमी. ते गोळ्यांमुळे झालं, ती पाळी नव्हेच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ते दिवस मनातून पुसून टाकले.

दसरा झाला तरी पाळी आली नाही. सोमवारी मी नलूताईंकडे गेले. त्यांनी घड्याळ काढलं. मी घेवड्याची उसळ सांगितली. पाच मिनिटांनी पट्टी हातात आली तेव्हा दुसरी रेघ होती. फिकट, पण होती. मी ती उजेडात धरली, पदराच्या सावलीत धरली, पुन्हा उजेडात धरली. नलूताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घेवड्यात गूळ घालत जा जरा."

मंगळवारी आत्या मला बारामतीला बाईमाणसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. आत्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हणाले, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी त्यांची आठवडे मोजायची पुठ्ठ्याची चकती फिरवली आणि दहावा आठवडा लिहिला. मग सोनोग्राफी केली. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. दहाव्या आठवड्यात बाळ दिसायला हवं, ठोका दिसायला हवा, त्यांनी सांगितलं. इथं गर्भाशयात नुसती एक छोटी पिशवी होती. वाढ थांबलेली दिसते, म्हणाले. रक्तातलं हार्मोन तपासून घ्या आणि शनिवारी उपाशीपोटी या, पिशवी साफ करून घेऊ. ते चांगले डॉक्टर आहेत. त्यांना मिळालेल्या तारखेवरून त्यांनी जे सांगितलं ते बरोबरच होतं.

परतीच्या बसमध्ये आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मला तो हात सहन होत नव्हता. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी त्या दिवशी गौरीपुढं ताट ठेवलं, त्याचं हे फळ आहे.

बुधवारी सकाळी दहा वाजता नलूताईंनी माझं रक्त घेतलं. गुरुवारी सकाळी मी एकटीच रिपोर्ट न्यायला गेले. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. अकराशे चाळीस. मला पुस्तकांतले आकडे माहीत होते. दहाव्या आठवड्याला हा आकडा कितीतरी मोठा हवा. मी कागदाची घडी घातली आणि शनिवारी बोलावलंय, एवढंच म्हणाले.

नलूताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, रिपोर्ट पाहिला. मग त्यांनी घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. पट्टी नव्हती, काहीच नव्हतं, नुसतं घड्याळ.

"आज काय केलंय घरी?"

काही केलं नाही, मी म्हणाले.

"काल?"

कालही आत्यांनीच केलं होतं.

"मग शेवटचं नीट कधी केलंतंस?"

गौरीला, असं मी म्हणाले. त्यांनी विचारलं, काय काय? मी सांगायला लागले. भाज्या सांगितल्या, आमटी सांगितली, पुरणाशी आले आणि पुढं बोलता येईना. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं त्या एका पदार्थापाशी येऊन सुटलं. नलूताई उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या. त्यांनी मला रडू दिलं. मग मी गोळ्यांचं सांगितलं, ड्रॉवरचं सांगितलं, पहाटेचं सांगितलं. मी देवीला विटाळ केला म्हणून माझं बाळ वाढलं नाही, हेही सांगितलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो देवीचा नव्हता. अंगावर किती दिवस जात होतं, त्यांनी विचारलं. तीन, मी म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, कॅलेंडरपाशी गेल्या आणि गौरीपूजनाच्या चौकटीवर बोट ठेवून आठवडे मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"बाई, ती पाळीच हुती," त्या म्हणाल्या. "गोळ्या थांबल्या की येती तीच पाळी. तू डॉक्टरला नागपंचमी सांगितलीस. धरायची हुती गौर. दहावा कुठला, हा तर पाचवा सरून सहावा लागलाय."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. पाचवा संपून सहावा लागताना नुसती छोटी पिशवीच दिसते, हे मी वाचलेलं होतं. ते पुस्तक माझ्या ग्रंथालयात होतं, त्याच टेबलाच्या मागच्या कपाटात.

म्हणजे आकडा बरोबर आहे का, मी विचारलं.

"तसं मी म्हणणार न्हाय," नलूताई म्हणाल्या. "मी डॉक्टर न्हाय. कदाचित त्यांचंच खरं असंल. एकदा दोरी सोडली की हिरीत पाणी किती हाय ते कळतं. चढतंय का उतरतंय ते कळाया दोनदा सोडाय लागती. उद्या दहाला ये. दहाला म्हंजे दहाला."

मी उठले तेव्हा त्या घड्याळ बांधत होत्या. बांधता बांधता म्हणाल्या, "आन गौरीचं म्हणशील तर, ती माहेरवाशीण हाय. माहेरवाशिणीला का पाळीचं नवल?"

हे वाक्य मी त्या दिवशी रस्त्यानं चालताना किती वेळा मनात म्हटलं असेल, सांगता येत नाही.

शुक्रवारी दहाला रक्त दिलं. बाळ जगणार असेल तर दोन दिवसांत आकडा दुपटीच्या आसपास जायला हवा होता. नाहीतर शनिवार होताच. संध्याकाळी माझे यजमान बारामती एमआयडीसीतल्या डेअरीतून सुटून मोटारसायकलवर मला लॅबवर घेऊन आले आणि न सांगता गल्लीच्या तोंडाशी थांबले. इतक्या वर्षांत तेही शिकले होते. नलूताईंनी शेजारच्या दुकानातला प्रिंटर बिघडला म्हणून तीन दुकानं फिरून रिपोर्ट छापून आणला होता. कागदाची घडी घातलेली होती. त्या पाहून चुकलेल्या असणार, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी घडी उघडली. दोन हजार तीनशे दहा.

मी खाली बसले. बाकड्यावर नव्हे, जमिनीवरच. नलूताईही माझ्याशेजारी टेकल्या. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टरचा पट्टा मागत होतं आणि दुकानदार त्याला नंबर विचारत होता.

"चढतंय," मी म्हणाले.

"हां." मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "कागद मी दिला. तारीख तू द्यायची. उद्या, तुझ्या तोंडानं. आत्या असूंदेत न्हायतर नसूंदेत."

शनिवारी आत्या होत्याच. डॉक्टरांपुढं मी दोन्ही रिपोर्ट ठेवले आणि म्हणाले, मी तारीख चुकीची सांगितली होती. शेवटची पाळी गौरीपूजनाच्या दिवशी आली. पहाटे. मी गोळ्या घेत होते, त्या चुकल्या. हे सगळं मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत बोलले. डॉक्टरांनी चकती उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. हे आधी का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं, आणि आत्यांकडे एकवार पाहून तो प्रश्न त्यांनीच सोडून दिला. आज काही करायचं नाही, म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसल्या. हात धरला नाही. बस निमगावच्या पुढं गेली. मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "गोळ्या कुठं ठिवल्या हुत्या?"

ग्रंथालयात, मी म्हणाले.

"बुकात?"

ड्रॉवरमध्ये.

पुढं उसाची एक ट्रॉली आडवी होती म्हणून बस थांबली. बस पुन्हा निघाली तेव्हा पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "त्या दिशीची पोळी मातूर चांगली फुगली हुती."

दोन आठवड्यांनी पडद्यावर ठोका दिसला. तांदळाएवढ्या एका ठिपक्यात काहीतरी भराभर उघडझाप करत होतं. आत्यांना ते नीट दिसेना म्हणून डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मी इंदापुरात उतरल्या उतरल्या नलूताईंकडे गेले. त्या एका बाईला कार्ल्याबद्दल विचारत होत्या. मला उंबऱ्यात पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि पाच मिनिटं पुरी होईपर्यंत कार्ल्याचंच बोलत राहिल्या. मग त्या बाईच्या हातात पट्टी देऊन माझ्याकडे आल्या आणि फक्त माझ्या दंडावर हात ठेवला, रक्त घेतात त्याच जागी.

मुलगी झाली, तेव्हा तिचं नाव काय ठेवायचं ते विचारायला मी त्यांच्याकडे गेले. "नाव कायबी ठिवा," त्या म्हणाल्या. "तारीख तेवढी नीट लिवत जा. दुधाची लिवतेस का न्हाय कॅलेंडरवर? तितंच लिवायची. दूध लपवती का कुणी?"

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या नोंदीखाली, मी दर महिन्याला एक लाल गोल काढते. पहिल्या महिन्यात आत्यांनी तो पाहिला आणि दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं. दुसऱ्या वर्षी गौरीच्या पूजेला तो गोल नेमका आला. मी सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून तसं सांगितलं. आत्या गौरीपुढं समई लावत होत्या. वात पुढं सारली. मग म्हणाल्या, "ताट मी ठिवते. पोळ्या तू लाट. माझ्या पोळ्या फुगत न्हाईत." आमच्या घरापुरतं एवढंच बदललं. मला ते पुष्कळ वाटतं.

नलूताई या माघात गेल्या. सकाळी लॅब उघडून बसल्या, छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तेराव्याला त्यांच्या बहिणीच्या घरी मी आणि आत्या गेलो. ओसरी बायकांनी भरून गेली होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि आपण कशासाठी आलो आहोत, हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. पण प्रत्येकीनं कधीतरी त्या बाईला आपल्या घरची भाजी सांगितली होती. बाहेर पडले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेनं पंचवीस-तीस मोटारसायकली लागल्या होत्या आणि नवरे, दीर, सासरे तिथंच उभे होते. या घरात पुरुषांना कुणी अडवलं नव्हतं. तरी आत कुणी आलं नव्हतं.

आत्यांची शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं जुळवून वाचतात, लिहायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. महिना संपल्यावर कॅलेंडरचं पान उलटायला मी खुर्चीवर चढले तेव्हा नलूताई गेल्या त्या दिवसाच्या चौकटीत दुधाचा आकडा दिसला, आणि त्याच्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत, शेजारच्या चौकटीत शिरलेलं, लाल पेनानं लिहिलेलं: नलूबाई.

मी ते पान उलटलं नाही. नव्या महिन्याचं दूध आम्ही शेजारी दुसरं कॅलेंडर लावून लिहितो.